पोट काळं, पाठ फिकी

अमरावतीजवळच्या तिवस्यात जुनी घरे पाडून स्लॅबची बांधण्याचे काम गेली काही वर्षे जोरात आहे. पाडलेल्या घरासमोर कवेलूंचा ढीग पडलेला दिसला की मी थांबते आणि दोन-चार मागून घेते. हाताने वळलेले, अर्धगोल, शेवाळ चढलेले जुने कवेलू. पैसे कोणी घेत नाही. घरी आणून ते साबण न लावता काथ्याने घासायचे, बादलीत काही दिवस भिजत ठेवायचे, पाणी बदलत राहायचे, शेवटी एकदा उकळायचे. मग ते माझ्या हॉलमधल्या तीन फुटी काचेच्या टाकीत पालथे बसतात. त्या छोट्या छपराच्या आतल्या बाजूला, वरच्या वळणाला पोट टेकवून, माझे मासे दिवसभर विसावलेले असतात.

पोट वर, पाठ खाली. ते पोहतातही तसेच. दुकानात त्यांना ‘अपसाइड डाउन’ म्हणतात, शास्त्रात सायनोडॉन्टिस नायग्रिव्हेंट्रिस. मध्य आफ्रिकेतल्या काँगो नदीच्या खोऱ्यातला, कसाई आणि उबांगी या तिच्या उपनद्यांतही सापडणारा, बोटाएवढा मिशीवाला मासा. लोर डेव्हिड यांनी १९३६ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. पूर्ण वाढला तरी आठ ते दहा सेंटिमीटर. नीट ठेवला तर दहा वर्षे सहज जगतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. अनुकूलनाचा धडा आला की मुलांना घरी बोलावते, कारण त्या धड्यात जे लिहिलेले असते ते हा मासा समोर करून दाखवतो.

पण त्याच्याबद्दलची सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट घरात पहिल्यांदा पाहिली ती माझ्या सासूबाईंनी. पहिले दोन दिवस त्या “माय वं, हे मासोयी उलटी काऊन पोहून राह्यली?” असे विचारत होत्या. तिसऱ्या दिवशी टाकीजवळ खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, “पोट कायं हाये वं याचं, पाठ नाई. देवानं रंगच उलटा देल्ला.”

अगदी बरोबर. आपल्या बाजारातला रोहू किंवा कतला आठवून पाहा. पाठ काळपट, पोट चांदीसारखे. वरून खंड्याने किंवा बगळ्याने पाहिले तर काळी पाठ खालच्या गढूळ अंधारात मिसळते. खालून मोठ्या माशाने पाहिले तर उजळ पोट आकाशाच्या उजेडात मिसळते. शिवाय उजेड वरून पडतो, म्हणून गडद पाठ उजळते, फिके पोट सावलीत जाते, आणि मासा सपाट, जवळजवळ आकार नसलेला दिसतो. हे तत्त्व ॲबट थेयर या अमेरिकी चित्रकाराने १८९६ साली मांडले. उजेड आणि सावली रंगवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला ते दिसले, याचे मला नेहमी अप्रूप वाटते. आता जो मासा पोट वर करून जगतो, त्याचे पोट गडद आणि पाठ फिकी असायला हवी. या माशाची तशी आहे. थेयरच्या म्हणण्याला यापेक्षा चांगला साक्षीदार मला माहीत नाही.

त्याची पिल्ले मात्र आपल्या माहितीच्या माशांसारखी, पाठ वर करूनच पोहतात. सुमारे दोन महिन्यांची होता होता ती उलटी व्हायला लागतात. जपानी संशोधकांनी हे मासे विमानातून नेले आणि विमान कमानीसारख्या मार्गाने सोडून काही सेकंद वजनरहित अवस्था निर्माण केली. अशा वेळी पुष्कळसे मासे उजेडाच्या दिशेला पाठ करतात, कारण वर-खाली ठरवायला त्यांना उजेडाचाच आधार उरतो. या माशाने तसे केले नाही, तो स्थिर राहिला. त्याचा तोल सांभाळण्याची रीत इतरांहून वेगळी आहे.

उलटे पोहण्याचा फायदा काय, याची दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही टाकी ठेवणाऱ्याच्या कामाची. पहिले खाण्याचे. या माशाचे तोंड खालच्या बाजूला आहे. पाण्यात पडलेल्या फांद्यांच्या आणि पानांच्या खालच्या अंगाला शेवाळ, अळ्या, बारीक किडे असतात, आणि पाण्याच्या पृष्ठभागावर पडलेले किडेही असतात. खाली तोंड असलेल्या माशाला तिथपर्यंत पोहोचायचे तर उलटे होणे हाच मार्ग. दुसरे उत्तर श्वासाचे. दलदलीच्या, साचलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, पण हवेला लागून असलेल्या अगदी वरच्या पातळ थरात तो टिकून असतो. लॉरेन चॅपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली हा मासा आणि त्याचाच एक सरळ पोहणारा भाऊबंद यांची तुलना प्रसिद्ध केली. प्राणवायू कमी पडला की उलट्या माशाला वरचा थर वापरणे जास्त चांगले जमते, असे त्यात दिसले.

हे मी पुस्तकात वाचले होते, पण समजले तिवस्याच्या मे महिन्यात. आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. हॉलमधले पाणी ३२-३३ अंशांवर पोहोचते. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो: २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम, ३३ अंशांना सुमारे ७.२. त्याच वेळी माशाचा श्वास वाढलेला असतो. त्यात दुपारी वीज गेली की फिल्टर आणि हवेचा पंप दोन्ही बंद. माझ्या टाकीतले टेट्रा, म्हणजे सोबतीचे मासे, तोंड वर करून, अंग तिरके करून धापा टाकू लागतात. उलटे मासे कवेलूखालून बाहेर येतात, पृष्ठभागाला पोट लावून आडवे होतात आणि शांतपणे वरचे पाणी ओढत राहतात. पाहायला सुंदर असते, पण ती धोक्याची खूण आहे. हा मासा रात्रीचा. भर दुपारी सगळेच्या सगळे वर आले तर पाण्यात प्राणवायू उरलेला नाही, असे समजायचे.

त्यावर वऱ्हाडात चालणारे उपाय सांगते. टाकीचे झाकण काढून जाळी लावायची आणि टेबलफॅन पाण्याच्या पृष्ठभागावर सोडायचा. कूलर ज्या तत्त्वावर चालतो त्याच तत्त्वाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. आपल्याकडे उन्हाळ्यात हवा कोरडी असते म्हणून हे इतके चांगले जमते, मुंबईच्या दमट हवेत जमले नसते. पाणी उडून कमी होते, ते रोज भरायचे. बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप घरात हवाच. टाकी खिडकीजवळ किंवा पश्चिमेच्या भिंतीला ठेवायची नाही. या माशाला २३ ते २७ अंश मानवतात. हिवाळ्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री उलटी अडचण येते, तेव्हा हीटर लावावा लागतो.

पाण्याचा प्रश्न उष्णतेइतकाच मोठा आहे. काँगोच्या जंगलातले पाणी मऊ, किंचित आम्लधर्मी, पानांच्या अर्काने चहासारखे तपकिरी. आपले बोअरचे पाणी काळ्या दगडातून येते, जड असते. माझ्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, साडेसहाशेच्या घरात आहे. (टीडीएस मोजायचे छोटे यंत्र आरओ दुरुस्त करणाऱ्याकडे असतेच, त्याच्याकडून एकदा मोजून घ्यावे.) हा मासा सोशिक आहे, मध्यम जड पाणीही चालवून घेतो, पण त्यात त्याचा रंग खुलत नाही. मी पावसाळ्यात गच्चीवरचे पाणी वेगळ्या टाकीत साठवते. पहिले दोन-तीन पाऊस सोडून देते, कारण त्यांत धूळ आणि पक्ष्यांची घाण असते. एक भाग बोअरचे, दोन भाग पावसाचे, असे मिश्रण करते. पाऊसपाणी संपले की आरओचे. दर्यापूर, भातकुली, अंजनगाव किंवा अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यातल्या वाचकांनी बोअरच्या पाण्याचा विचारच करू नये. ते पाणी माणसालाही पिववत नाही. तिथे धरणाचे नळाचे पाणी वापरावे, पण त्यातले क्लोरीन काढून: एक दिवस उघड्या बादलीत ठेवून हवा सोडावी, किंवा मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे क्लोरीनविरोधी थेंब घालावेत.

तळाशी टाकायच्या रेतीबद्दलही सावध राहायला हवे. वर्धा नदीचे गोल गोटे आणि धुतलेली रेती दिसायला छान, पण आपल्या मातीत आणि नदीकाठी चुनखडीचे खडे पुष्कळ असतात, ते पाणी आणखी जड करतात. गोट्यावर लिंबाचा रस पिळून पाहायचा. फेस आला तर तो गोटा बाहेर. क्रशरची धारदार गिट्टी घ्यायची नाही, माशाच्या मिशा झिजतात, आणि मिशांनीच तो अन्न शोधतो.

आता रंगाबद्दल, कारण दुकानात लोक पहिला प्रश्न तोच विचारतात: यात कोणकोणते रंग आहेत?

या एका जातीत लाल, निळा, पिवळा असे रंग नाहीत. फिकट मातकट अंगावर तपकिरी-काळे ठिपके आणि ढगासारखे डाग, पारदर्शक पंखांवर बारीक ठिपके. प्रत्येकाची नक्षी वेगळी, म्हणून घरातले मासे एकमेकांपासून ओळखू येतात. पण त्याच माशाचा रंग मात्र बदलतो. पांढऱ्या खड्यांवर, झगझगीत एलईडीखाली, लपायला जागा नसलेल्या टाकीत ठेवलेला मासा फिका पडतो, डाग धुऊन निघाल्यासारखे होतात. तोच मासा काळसर रेती, मंद उजेड आणि छप्पर मिळाले की काही दिवसांत गर्द चॉकलेटी होतो, पोट जवळजवळ काळे होते, आणि फिका भाग हस्तिदंती दिसू लागतो. दुकानातल्या काचेत फिका दिसणारा मासा आजारीच असेल असे नाही, बहुधा तो घाबरलेला असतो. मला या माशाबद्दल एकच गोष्ट लोकांच्या मनावर बिंबवायची असेल तर ती ही: गडद मासा कुठला मिळतो हे शोधत फिरू नका, टाकीला छप्पर द्या. कवेलू, नारळाच्या अर्ध्या करवंट्या, माठाचे मोठे तुकडे, वाळलेली लाकडे. अनुबियास नावाची रुंद पानांची आफ्रिकेतलीच पाणवनस्पती मिळाली तर फारच छान, तिच्या पानाखाली हे मासे पोट लावून झोपतात. देशी बदामाचे वाळलेले पान धुऊन टाकले की पाणी हलके तपकिरी होते आणि उजेड मवाळ होतो. या माशाची जमीन म्हणजे आपण ज्याला छत म्हणतो ते. ती जमीन जितकी जास्त, तितका तो निवांत आणि तितका गडद.

कोणी गुलाबी किंवा जांभळ्या रंगाचा मासा दाखवू लागला तर मात्र तिथून निघावे. आपल्याच नद्यांतल्या निरुपद्रवी काचमाशाच्या अंगात सुईने रंग भरून तो विकला जातो, आणि त्यात बरेच मासे मरतात. ज्याला हा धंदा चालतो त्याच्याकडून काहीच घेऊ नये.

खरे वेगवेगळे रंग हवे असतील तर ते भाऊबंदांत आहेत. सायनोडॉन्टिस प्रजातीत १३०च्या आसपास जाती आहेत, सगळ्या आफ्रिकेतल्या. सायनोडॉन्टिस अँजेलिका हा जांभळट काळ्या अंगावर पांढरे ते केशरी गोल ठिपके असलेला, फार देखणा आणि महाग. फ्लॅव्हिटेनियाटाच्या अंगावर पिवळे पट्टे. डेकोराच्या पाठीवरचा पंख लांब धाग्यासारखा मागे लहरतो. टांगानिका तलावातला मल्टिपंक्टाटस पांढुरक्या अंगावर काळे ठिपके मिरवतो आणि कोकिळेचे काम करतो: तोंडात अंडी उबवणाऱ्या सिक्लिड माशांच्या अंड्यांत आपली अंडी मिसळतो, त्याची पिल्ले आधी बाहेर येतात आणि यजमानाची पिल्ले खातात. तेत्सु सातो यांनी १९८६ साली हे जगासमोर आणले. कॉन्ट्रॅक्टा नावाचा बुटका, मोठ्या डोक्याचा भाऊ आमच्या माशासारखाच उलटा पोहतो आणि कधीकधी त्याच्याच नावाने विकला जातो. त्याने काही बिघडत नाही, दोघांची गरज सारखीच.

बिघडते ते युप्टेरस मिळाला तर. त्याची पिल्ले नागमोडी पट्ट्यांची, गोड दिसतात, उलटीही पोहतात, आणि ‘अपसाइड डाउन’ म्हणून घरी येतात. पुढे पाठीवरचा पंख शिडासारखा उंच होतो, पट्ट्यांचे ठिपके होतात, आणि मासा वीस सेंटिमीटर ओलांडतो. तीन फुटी टाकी त्याला पुरत नाही, छोटे मासे त्याच्या पोटात जातात. शिवाय मत्स्यशेतीत दोन जातींचे संकर करून त्यांना मनाने नावे दिलेली असतात. ब्रह्मदेशातला काळाकुट्ट मिस्टस ल्युकोफेसिस हाही उलटा पोहतो, पण तो फूटभर वाढतो आणि भांडखोर आहे. म्हणून ओळखीची खूण लक्षात ठेवावी: अंगावर पट्ट्यांऐवजी डाग, आणि पोट पाठीपेक्षा स्पष्टपणे गडद. खूण पटेपर्यंत पैसे द्यायचे नाहीत.

माणसाने या कुळाकडे लक्ष दिले ते काचेच्या टाक्या आल्यावर असे मात्र नाही. नाईल नदीत बॅटेन्सोडा नावाचा मोठा भाऊ आहे, तोही उलटा पोहतो. चार हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या सक्कारा इथल्या थडग्यांच्या भिंतींवर मासेमारीची दृश्ये कोरली आहेत, त्यांत हा मासा पोट वर केलेलाच दाखवला आहे. कोरणाऱ्याने नदीत पाहिले तसे कोरले. पुढच्या काळात या माशाच्या आकाराचे ताईत मुलींच्या वेणीत बांधत, पाण्यात बुडू नये म्हणून. इजिप्तमधल्या हरागा इथे सापडलेला असा एक सोन्याचा ताईत आज एडिंबराच्या संग्रहालयात आहे. मी त्याचे छायाचित्र वर्गात दाखवते. मिशा, पंख, शेपटी, सगळे इतके नेमके आहे की मुले जात ओळखतात.

टाकीकडे परत येते. हे मासे एकटे ठेवू नयेत, एकटा मासा कायम लपून राहतो. निदान चार-पाच हवेत. माझी टाकी ३६ इंच लांब, १५ रुंद, १५ उंच आहे, म्हणजे सुमारे १३० लिटर, त्यात पाच सुखाने राहतात. सोबतीला काँगो टेट्रा, तेही त्याच नदीतले. खायला बुडणाऱ्या गोळ्या, गोठवलेल्या लाल अळ्या, सोललेला उकडलेला वाटाणा, काकडीची चकती. रात्री दिवा बंद केल्यावर खाणे टाकायचे, नाहीतर टेट्रा काही उरू देत नाहीत. पावसाळ्यात गच्चीवरच्या भांड्यात डासांच्या अळ्या झाल्या तर गाळून, स्वच्छ पाण्यातून काढून देते. आरोग्य खाते हौदांत गप्पी मासे सोडते ते ज्यासाठी, तेच काम हे मासेही जिभल्या चाटत करतात. मात्र मत्स्यालयासाठी म्हणून घरात अळ्या वाढवू नयेत, डेंग्यूच्या दिवसांत तर नाहीच.

या माशाला खवले नसतात, त्यामुळे औषधे थेट कातडीला लागतात. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झाला तर तांबे किंवा मॅलाकाइट ग्रीन असलेले औषध बाटलीवर लिहिलेल्या मात्रेच्या निम्मेच द्यावे आणि पाण्याचे तापमान हळूहळू ३० अंशांपर्यंत नेऊन हवा वाढवावी. जाळीने पकडू नये. पाठीवरच्या आणि छातीच्या पंखांत पहिला काटा कडक असतो, घाबरला की मासा तो ताठ उभारून कुलूप लावल्यासारखा पक्का करतो. जाळीत अडकलेला काटा सोडवताना मासा आणि हात दोन्ही जखमी होतात. मी प्लास्टिकच्या बरणीत हाकलून पकडते. तेव्हा तो छातीचा काटा खोबणीत घासून चिर्र असा आवाज काढतो. पाण्याबाहेरही तो ऐकू येतो, आणि पहिल्यांदा ऐकणारे मूल हमखास मागे सरकते.

आणि हौस संपली म्हणून हे मासे नदीत सोडायचे नाहीत. कौंडण्यपूरला वर्धेच्या घाटावर पिशवीतून मासे सोडणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांच्या मनात पुण्यच असते, पण आफ्रिकेतल्या मांगुराचे काय झाले ते आपल्यासमोर आहे. थायी मांगूर म्हणून आणलेला तो मासा स्थानिक मासे फस्त करतो, म्हणून केंद्र सरकारने २००० साली त्याच्या पालनावर बंदी घातली, तरी तो अजून चोरून पाळला जातो. उजनी जलाशयात मत्स्यालयातला सकर मासा इतका पसरला आहे की जाळ्यात तोच येतो, जाळी फाडतो आणि मच्छीमारांच्या हाती विकण्याजोगे काही उरत नाही. आमच्या वर्धेत देशी मांगूर आहे, शिंगाडा आहे, वाम आहे, त्यांच्यावर जगणारी भोई कुटुंबे आहेत. मासा नकोसा झाला तर दुकानात परत द्यावा किंवा दुसऱ्या हौशी माणसाला. माझ्याकडे आणून दिला तरी मी ठेवून घेते.

घ्यायचाच असेल तर मे महिन्यात घेऊ नका. अमरावतीहून तिवस्यापर्यंतचा एसटीतला तासाभराचा प्रवास त्या उन्हात पिशवीतल्या माशाला जड जातो. जुलै-ऑगस्टमध्ये, पाऊस पडून हवा उतरली की आणा. त्याआधी टाकी तीन-चार आठवडे फिल्टर चालू ठेवून, थोड्या सोशिक माशांसह चालवलेली असावी, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू तयार होतात. दुकानदाराला पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग हवा ठेवायला सांगा, पिशवी वर्तमानपत्रात गुंडाळून अंधार करा, आणि पिशव्या दोन, एकात एक, बांधून घ्या, कारण काटा प्लास्टिक फाडतो.